मागच्या दाराचा दाखला

आमच्या सोसायटीत एका रविवारी दुपारी चोर सापडला. गच्चीवर चढून एसीच्या तांब्याच्या नळ्या कापत होता. लोकांनी त्याला खाली ओढत आणलं, गेटजवळच्या विजेच्या खांबाला कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधलं आणि मग ज्याने त्याने हात धुऊन घेतले. बँकेतले, कचेरीतले, शाळेतले, एरवी झुरळ दिसलं की बायकोला हाक मारणारे लोक! मीही तिथेच उभी होते. कापलेली नळी आमच्याच एसीची होती, तेव्हा पहिल्या दोन थपडा मला बऱ्या वाटल्या. पण मग त्याच्या ओठातून रक्त आलं आणि कुणी थांबेचना.

थांबवलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी. ते उतरून आले, गर्दीतून वाट काढत खांबापाशी गेले आणि शांतपणे म्हणाले, "मारू नका. कायदा आहे ना?" लगेच सगळे मागे सरले. कुणीतरी त्यांना खुर्ची आणून दिली. त्यांनी चोराला पाणी पाजलं, पोलिसांना फोन लावला. 'मी नाही, मी नाही' असं चोराचं चाललंच होतं. मला साहेबांबद्दल फार आदर वाटला. सिल्वासात येऊन मला बारा-तेरा वर्षं झाली होती, पण असा सभ्य शेजार आम्हाला प्रथमच मिळाला होता.

साहेब कारखान्यांचे सुरक्षा सल्लागार. वर्षातून एकदा कारखाना तपासायचा, आग लागली तर आतली माणसं जिवंत बाहेर पडतील की नाही ते पाहायचं आणि तसा सहीशिक्क्याचा दाखला द्यायचा, हे त्यांचं काम. मूळचे कोकणातले, बोलणं गोड. गणपतीत आमच्या मंडळाचे अध्यक्ष तेच आणि कुणाच्या मुलाला कुठे चिकटवायचं असलं की शब्द टाकणारेही तेच.

माझा धाकटा भाऊ नरोलीला सुताच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. आम्ही धुळ्याकडचे. तिकडच्याच तिघांबरोबर तो तिथे भाड्याच्या खोलीत राहतो आणि सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे भरीत-भाकरी खायला येतो. चोराच्या प्रकरणानंतर असाच एकदा जेवायला बसला असताना तो स्वतःशीच हसायला लागला.

"काय झालं रे?"

"ताई, परवा आमच्याकडे तपासणी झाली. सकाळी टेम्पो आला, आग विझवायचे लाल बाटले उतरवले, आम्ही भिंतीला टांगले. तुझ्या बिल्डिंगचे साहेब आलते, त्यांनी फोटो काढले. संध्याकाळी तोच टेम्पो बाटले घेऊन गेला."

"गेला म्हणजे? कुठे?"

"दादऱ्याला! माझा रूम पार्टनर तिथल्या कंपनीत आहे ना, त्यानं दुसऱ्या दिवशी तेच बाटले उतरवले. एकाच्या नळीला मी निळी टेप लावेल होती, त्यानं बरोबर ओळखला."

मला हसू आलं नाही. आग लागली तर बाहेर कुठून पडता, असं मी विचारलं. पुढच्या दारातून, म्हणाला. आणि मागचं?

"त्याला कायम कुलूप. सूत गुंडाळलेले कोन चोरीला जायचे, म्हणून शेठनं लावलं. पुढे खोके रचेल आहेत छतापर्यंत. तपासणीला खोके हटवले, कुलूप काढलं, उघड्या दाराचा फोटो झाला, का पुन्हा बंद."

"किल्ली कुणाकडे असते?"

"मॅनेजरकडे. तो तिकडे लांब वापीला राहतो." आणि त्याने आणखी भरीत मागितलं.

मी वाढलं, पण माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. चार सुताचे कोन पळवणाऱ्या कुणा भुरट्यासाठी दाराला कुलूप लागलं होतं आणि ते दार उघडंच असतं, असं एका सभ्य माणसाने सही करून सांगितलं होतं. भुरट्या चोराने शेठचं सूत नेलं, ते शेठने पुन्हा आणलं. आमची नळी आठवड्यात बदलून झाली. या सहीने जे जाईल ते परत कुठून आणायचं? आणि मजा अशी, की चोर दिसला की आपले हात शिवशिवतात, आणि असा माणूस जिन्यात भेटला की आपण नमस्कार करतो. त्याच्या हातात कटर नसतं, अंगाला घामाचा वास नसतो, आणि त्याचे गुन्हे आपल्या गच्चीवर होत नाहीत. ते दूर कुठेतरी, आपल्याला न दिसणाऱ्या लोकांच्या डोक्यावर होतात. या वेळी ते डोकं माझ्या भावाचं होतं, म्हणून माझा जीव खालीवर झाला. नाहीतर मीही जिन्यात हात जोडले असते.

"सोड ती नोकरी," मी म्हणाले.

"आणि जाऊ कुठं? दाखला सगळीकडे यांचाच. तू कायले एवढं टेन्शन घेऊन राहिली?"

त्याचं लग्न ठरत आलं होतं. मुलीकडच्यांना कायम नोकरीचा मुलगा हवा होता. दोनच दिवसांनी शाळेतले माझे तास संपवून मी परस्पर साहेबांच्या दारात जाऊन उभी राहिले.

त्यांनी हसून आत घेतलं. वहिनींनी कोकम सरबत आणलं. मी सगळं एका दमात बोलून टाकलं, टेम्पो, बाटले, कुलूप. मला वाटलं होतं, चिडतील. मला जा म्हणून सांगतील. निदान चेहरा तरी उतरेल. साहेब मात्र मान हलवत ऐकत राहिले, मुलाची तक्रार घेऊन आलेल्या पालकाचं मी ऐकते तसं.

"बाई, तुमच्याकडे शिक्षणाधिकारी येणार म्हटलं की तुम्हीही वर्ग झाडून घेता, भिंतीवर तक्ते लावता. घेता की नाही? हे तसंच आहे."

"आमच्या तक्त्याखाली कुणी जळून मरत नाही," मी म्हणाले.

ते हसले. सरबत घ्या म्हणाले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाऊ कुठल्या खात्यात आहे तुमचा?"

"पॅकिंगला. मागच्या हॉलमध्ये."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं? आपल्या माणसाला तिथे आत कशाला ठेवायचं?"

खांबाला बांधलेल्या त्या चोराने मार खाऊनसुद्धा काही कबूल केलं नव्हतं. यांनी सोफ्यावर बसून, पंख्याखाली, एका वाक्यात सगळं कबूल केलं आणि ते माझ्यावर उपकार म्हणून. तिथे आत काय होऊ शकतं ते त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. मी उठले. भाऊ त्या हॉलमधून सुटणार म्हणून मला हायसं वाटत होतं, आणि तिथे उरणाऱ्या तीस-चाळीस जणांचा विचार मी जिना उतरेपर्यंत केला नाही. घरी आल्यावर तोच एक विचार होता, आणि कुणाकडे जावं ते सुचत नव्हतं. आमच्या भागात ज्याच्याकडे जाल तो साहेबांना ओळखणाराच निघतो. उंदराला मांजर साक्ष.

पुढच्या सुट्टीला भाऊ पेढे घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, पायात नवे बूट.

"ताई, प्रमोशन! सेफ्टी इन्चार्ज केलं मला. गेटजवळ केबिन, कायम दिवसपाळी, पगार वाढला. पांढरं हेल्मेट दिलं. मुलीकडचे लई खूश झाले."

"काम काय करायचं?"

"काहीच नाही गं. दर महिन्याला सही. बाटले जागेवर आहेत, मागचं दार उघडं आहे, म्हणून. साहेब म्हणाले, आता आधी तुझी सही, त्या भरवशावर माझी."

"आणि दार?"

"ते बंदच आहे."

"किल्ली दिली का तुझ्याकडे?"

"मॅनेजरकडेच आहे," तो म्हणाला आणि माझ्या तोंडात पेढा घातला.

पेढा तोंडात असतानाच मला उलगडलं. हॉलमधून त्याला काढलं ते वाचवायला नव्हेच. उद्या त्या दाराआड माणसं अडकली तर पोलीस त्या दाखल्यावरची पहिली सही बघतील. लोक खांब शोधतील, दोरी शोधतील. आणि साहेब बहुधा तेव्हाही गर्दीतून वाट काढत येतील आणि मारू नका म्हणतील. मी भावाचं मनगट घट्ट धरलं आणि हे सगळं त्याला सांगायला तोंड उघडलं. पण तो केव्हाचा हसत होता.

"साहेबांनी सांगितलं मला, तू त्यांच्याकडे गेली होतीस ते. म्हणाले, अशी बहीण सगळ्यांना मिळत नाही, घरी गेल्यावर आधी तिच्या पाया पड."

त्याने मनगट सोडवून घेतलं आणि तो वाकला.