मागाची शेपटी

"उतर खाली! उतर म्हनते ना! 'ध' काढशील तर शिडीच ओढीन!"

माझी मोठी माय, म्हणजे माझ्या बापाच्या थोरल्या भावाची बायको, गावाच्या नव्या कमानीखाली उभी राहून ओरडत होती. वर शिडीवर पेंटर, हातात ब्रश. त्या आवाजानं आंबागडच्या किल्ल्याचा एक दगड निसटला आणि लाखनीत हायवेवर तीन ट्रकांनी ब्रेक मारले. चौथ्यानं मारला नाही. तो बहिरा असावा.

कमानीवर 'स्वागत' रंगवून झालं होतं. त्याखाली 'धानाचं गाव' लिहायचं ठरलं होतं. मोठ्या मायचं म्हणणं एकच, 'विणकरांचं गाव' लिहा.

आमच्या सरपंचबाई लाखनीकडच्या. सून म्हणून आल्या आणि बोलण्यात साऱ्या गावाला पुरून उरल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मोठे माय, धान तर दिसून राहिलं न. माग कोठी चालते? एक तरी दाखवा. खोटं कायले लिहाचं?"

बाईचं खरं होतं.

आमचं गाव कोशाच्या रेशमी कापडाचं. माझ्या लहानपणी घरोघरी पुढच्या खोलीत मागाचा खड्डा, खड्ड्यात पाय सोडून विणकर बसलेला, आणि दिवसभर खट-खट, खट-खट. पाळण्यातली लेकरं त्या ठेक्यावर रडायची. कुत्रीही ठेक्यातच भुंकायची. एक बेताल निघालं, त्याला लोकांनी शेजारच्या गावी देऊन टाकलं. कोंढा गावचे सोयरे आमच्याकडे आले की आवाजानं झोपत नसत, आणि घरी परतले की तो आवाज नाही म्हणून झोपत नसत. वर आम्हालाच 'खड्ड्यातले' म्हणून चिडवायचे. मग मिलचं स्वस्त कापड आलं. माग चुलीत गेले, खड्डे मुरमानं भरले, वर टाइल्स बसल्या. आता कमानीवर 'धान' चढलं असतं, तर आम्ही खड्ड्यातलेही उरलो नसतो.

"माग मेला म्हनता?" मोठी माय कडाडली. "माह्या मागाच्या फणीत शेपटी हाये अजून!"

जुन्या लोकांनी झटकन माना वर केल्या. विणकर कापड उतरवतो तेव्हा सगळे धागे काढत नाही. हातभर धागे फणीच्या दातांत तसेच लोंबत ठेवतो. तीच शेपटी. नवा ताणा, म्हणजे उभे धागे, आला की एकेक धागा तिला पिळून जोडायचा. शेपटी कापली तर माग बंद. शेपटी आहे तोवर माग नुसता थांबलेला. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे मोठ्या बाबांनी, शेवटचं लुगडं उतरवलं तेव्हा शेपटी ठेवली होती, आणि नंतर मोठ्या मायनं त्या मागावर कांदे ठेवले, गोधड्या ठेवल्या, पण शेपटीला कात्री लावू दिली नाही, खड्डाही बुजवू दिला नाही.

"वीतभर विणून दाखवा," सरपंचबाई म्हणाल्या, "मी सोता 'वि' लिहीन."

अख्खं गाव आमच्या पुढच्या खोलीत घुसलं. भिंती बाहेरच्या बाजूला फुगल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मोठी माय खड्ड्यात उतरली. ट्रंकेतून जुना ताणा काढला. "राख आन," मला म्हणाली. बोटांना राख लावली आणि चार बोटं रुंदीचे धागे जोडायला बसली. मी मोजले, दहा हजार होते. ती म्हणते, शंभर.

जोडणं संपलं, पावडीवर पाय दाबला आणि पावडीची दोरी तटकन तुटली. कोणीतरी हसलं. सरपंचबाई हसल्या नाहीत, पण दाराकडे वळल्या. तेवढ्यात पेंटरनं, हो, त्याच पेंटरनं, आपली शिडी बांधायची दोरी पुढे केली. "घ्या. पन मले लवकर मोकळं करा."

खट.

धोटा इकडून तिकडे गेला. खट-खट.

"ताना ढिला हाये, वो! मांगून ओढा!" दारातून किराणा दुकानवाली ओरडली.

"काहून दाबून राहिली इतकी? धागा तुटन ना!" हे बस कंडक्टर होऊन रिटायर झालेले काका.

"डावी पावडी, डावी!"

"तुले काय समजते बे? तुह्या बापाचे तर लुगडे तिरपे निघत!"

मी खाली पाहिलं. साऱ्या म्हाताऱ्यांचे पाय टाइल्सवर हलत होते. डावा, उजवा, डावा, उजवा. चपला, बूट, भेगाळलेल्या टाचा, सगळे एका ठेक्यात. घर हादरत होतं.

सरपंचबाई त्या पायांकडे बघतच राहिल्या. "म्हंजे तुमी सारेच..."

"मंग?" कंडक्टरकाका म्हणाले.

वीत भरली. सरपंचबाई पदर खोचून तरातरा कमानीकडे गेल्या, शिडी चढल्या आणि 'वि' असा काढला की त्याची वेलांटी कोंढ्यातून दिसते. पुढची अक्षरं पेंटरनं काढली. फटाके नव्हते, म्हणून लोकांनी डब्बे वाजवले. तो आवाज नागपूरपर्यंत गेला असावा.

मी पळत घरी आलो. मोठी माय अजून खड्ड्यातच बसलेली, उतरवलेलं वीतभर कापड उजेडाकडे धरून. शेपटी पुन्हा फणीत लोंबत होती.

"मोठे माय, जितलो आपन! गाव नाचून राहिलं! तुले कसं वाटते?"

तिनं कापडावरून अंगठा फिरवला.

"काठ वाकडा आला."