मनाईची फाइल
उकडलेल्या धानाचा वास आला की आमगावची ती राइस मिल आठवते. तिथला लिनक्स सर्व्हर मी सांभाळायचो. एकदा मी सॉफ्टवेअरचं नवं पॅकेज टाकताच त्याची सर्व्हिस आपोआप सुरू झाली, तिच्याशी टक्कर होऊन चालू बिलिंग बंद पडलं आणि फाटकाशी ट्रक अडकले. पुढच्या वेळी मालकांनी गोंदियाहून सर्व्हरचंच काम करणाऱ्या एका मुलीला बोलावलं. तिनं आधी सर्व्हरवर एक छोटी फाइल लिहिली, कुठलीही सर्व्हिस आपोआप सुरू न करण्याची. पॅकेज बसलं, पण सर्व्हिस गप्प राहिली. “पयलेच हिले काऊन नाही बोलावलं?” मालक माझ्यासमोरच मुनीमाला म्हणाले. जाताना ती मला म्हणाली, “भाऊ, आधीच मनाई करून ठेवायची, मग आपण म्हणू तेव्हाच सुरू होते.” मी मान हलवली, पण आतून जळत होतो. आता ती फाइल मी सवयीनं लिहितो आणि अजूनही ती मला तिचीच वाटते.