दिव्यावरची पट्टी

काकांच्या वडापच्या जीपमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा महिनाभर पेटलेला होता आणि काकांनी त्यावर काळी चिकटपट्टी लावली होती. काल भर घाटात दहा माणसांसकट जीप बंद पडली, तेव्हा कुठे आज मला घेऊन ते गॅरेजात आले.

मेकॅनिक शबानाताईंनी आधी पट्टी ओरबाडून काढली. "काका, दिव्याचंच तोंड बांधलंत?"

"पॅसेंजर घाबरतात गं."

"घाबरू देत की!"

स्कॅनरवर सेन्सरच्या बिघाडाचा कोड आला. काका लगेच नवा सेन्सर मागू लागले, पण ताईंनी वायरीचा जोड उघडला. आत हिरवा गंज होता. दर अमावास्येला पूजेआधी काका इंजिनावर पाइपाने पाणी मारतात, ते तिथे मुरलं होतं. सेन्सर धडधाकट होता.

मागच्या महिन्यात माझ्या कॉलेजच्या वसतिगृहाच्या सभेत मी पिण्याच्या पाण्यातल्या अळ्यांबद्दल विचारलं, तेव्हा रेक्टरबाई म्हणाल्या होत्या, "वातावरण बिघडवू नकोस." अळ्या टाकीत होत्या, बिघाड मात्र माझ्यात सापडला.

ताईंनी जोड घासून बसवला, कोड पुसला. दिवा विझला.

"परत पेटला तर?" काकांनी विचारलं.

"पेटू दे. त्याचं कामच आहे ते."

सोमवारी वसतिगृहात पुन्हा सभा आहे. टाकी अजून कुणी उघडलेली नाही. मी पुन्हा उभी राहून विचारणार आहे.