पंधराव्या पानापलीकडे

पद्मावतीकाकूंचं पंधरावं पान साऱ्या घराला ठाऊक होतं. पेठ वडगावच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेल्या काकूंना वाचनाचं जन्माचं वेड. पण निवृत्तीनंतर हातात मोबाइल आला आणि दोन वर्षांत एक पुस्तक तडीस गेलं नाही. पंधराव्या पानावर मन उडालंच म्हणून समजा. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. मग तर काकू जास्तच घाबरल्या. आपलं वाचणं कायमचं गेलं की काय, ही भीती त्या कुणाला सांगतही नव्हत्या.

त्या दुपारी कोल्हापुरातल्या पुस्तकाच्या दुकानात गेल्या त्या नातवाचं गाइड घ्यायला. काउंटरवर क्रांती होती. मलकापूरची पोरगी, आवाज असा खणखणीत की रस्त्यावरच्या माणसानं वळून बघावं.

"काकू, कादंबऱ्यांच्या कपाटाकडं चार डाव बघितलासा. घ्या की एक!"

"नको गं. माझ्याच्यानं आता पुरी होत नाही."

"मग हीच घ्या. नवीन आलीया, लिवणारीची पयलीच हाय. आमच्याकडच्या एस्टीत एक बाई कंडक्टर असती. आंबा घाटात गाडी थांबती, बाई खाली उतरती, आन् परत चढतच न्हाय. तिकिटाचं मशीन तेवढं शिटावर."

"मग? गेली कुठं?"

"त्ये मी सांगणार न्हाय. वाचा की!"

असं अर्ध्यावर गप्प बसायला या पोरीला कोणी शिकवलं, म्हणून काकू चिडल्या. चिडूनच त्यांनी कादंबरी घेतली आणि गाइड दुकानातच विसरून राजारामपुरीत घरी आल्या.

अंगणातल्या खुर्चीत बसून त्यांनी पुस्तक उघडलं. पंधरावं पान आलं तसा त्यांचा हात सवयीनं मोबाइलकडे गेला. पण नेमका त्याच पानावर घाटातला टपरीवाला कबूल झाला, की बाईंना दुसऱ्या गाडीत चढताना त्यानं पाहिलंय. सोळावं पान कधी उलटलं ते कळलंच नाही. चाळीस गेलं, साठ गेलं. सून आदिती दोनदा जेवायला बोलावून गेली. काकू दोनदा "आले, आले" म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.

त्यांचं घर जैनांचं. दिवस मावळल्यावर कोणी घास घेत नाही, म्हणून उजेड असतानाच जेवणं उरकतात. लग्न होऊन या घरात आल्यापासून काकूंची ती वेळ एकदाही चुकली नव्हती.

दिवा लावायला आदिती बाहेर आली आणि किंचाळलीच. "आई! दिवस बुडाला की! आता सकाळपर्यंत उपाशी राहणार तुम्ही. मी ताट हातात आणून द्यायला पाहिजे होतं."

काकूंनी आभाळाकडे पाहिलं. खरंच अंधारून आलं होतं. पोटात कावळे ओरडत होते, ते त्यांना आत्ता कुठं ऐकू आले. आणि काकू हसायला लागल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, तसं आदितीनं घाबरून त्यांचा हात धरला.

"बरं वाटत नाही का, आई?"

"अगं, भूक लागल्याचं मला कळलंसुद्धा नाही!" काकूंनी बोट घातलेलं पान तिच्यापुढे धरलं. "बघ तरी. एकशे बारा!"