सेकंडहँड कार्ड आणि मस्कतची सई

आमच्या घरात विजेतलं कळणारा माणूस एकच होता आणि तो मी होतो, हीच खरी अडचण होती. वागळे इस्टेटमधल्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात मी सुपरवायझर. त्यामुळे डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचाही फ्यूज उडाला की बोलावणं मला यायचं. मी तो बसवून द्यायचो. (पुन्हा उडायचा तो मी घरी पोचल्यावर, त्यामुळे नाव टिकून होतं.)

ताई तेव्हा मस्कतला होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आईने तिच्या लग्नातच ठरवून टाकलेलं. पण डॉक्टरांनी विमानाला मनाई केली आणि सई तिकडेच जन्मली. आईने केलेले डिंकाचे लाडू आम्हीच संपवले. झबली-दुपटी मात्र कपाटात तशीच राहिली आणि तिकडे बाळ त्या झबल्यांच्या मापातून बाहेर गेलं.  आई अधूनमधून कपाट उघडायची, घडी मोडायची, पुन्हा घालायची. मला ते बघवायचं नाही.

सई वर्षाची झाली तेव्हा भावोजींनी वाढदिवसाचं शूटिंग सीडीवर भरून एका ओळखीच्यांबरोबर पाठवलं. आमचा कॉम्प्युटर जुना. सीडी लावली तर चित्र केकवरच अडकून बसलं आणि आवाज एकटाच पुढे निघून गेला. मी जाहीर केलं, "ग्राफिक्स कार्ड पाहिजे." कारखान्यातल्या सावंतने नुकतंच नवीन कार्ड घेतलं होतं. त्याचं जुनं मी घरी आणलं.

रविवारी दुपारी खेळ ठरला. आईने शेजारच्या भोईरकाकूंना बोलावलं, काकूंनी त्यांच्या सुनांना. आईची अट एकच होती, "माझ्याआधी कुणी सईला बघायचं नाही. तूसुद्धा नाही." लोड नको म्हणून मी छताचा पंखा बंद करायला लावला, फ्रिजही बंद. स्वतः टेस्टर घेऊन टेबलामागे, कॅबिनेटमध्ये डोकं घालून बसलो. केक दिसला, ताई दिसली. मग आई म्हणाली, "ती बघा, आली..." आणि पडदा काळा!

"अरे, काय केलंस?" बाबा.

"मी काही केलं नाही!"

"मग कर ना काहीतरी."

मी निदान केलं की कार्डाला वीज पुरत नाही. कार्ड काढून त्याच्या कडेचे पितळी दात खोडरबराने घासले. त्या आठवड्यात कामावरून आल्यावर रोज चाचणी घेतली. आईच्या अटीमुळे सईची सीडी लावता येईना, म्हणून कॉम्प्युटरबरोबर आलेली माशांची सीडी लावली. मासे तासभर पोहले. एकही बुडाला नाही.

पुढच्या रविवारी सई आली आणि पडदा गेला.

आता मी फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून कॉम्प्युटरला लावला. (फ्रिज त्यावर रुसला आणि दूध नासलं. त्या दुधाचं पनीर करून आईने मलाच वाढलं.) मित्राकडून कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय मागून आणला, तोही बदलला. मासे पोहत होते. रविवारी सई आली, पडदा गेला. सोमवारी मी कॅन्टीनमध्ये सावंतला गाठलं.

"चांगलं म्हणून दिलेलंस ना रे कार्ड?"

"माझ्याकडे दोन वर्षं चाललेलं. तुझ्याच घरात काहीतरी लोच्या असेल."

मी ट्रान्सफॉर्मर बनवणारा माणूस, आणि हा मला माझ्या घरातला लोच्या सांगतो! त्या दिवसापासून आम्ही वेगवेगळ्या टेबलांवर जेवू लागलो.

घरात तोवर इतर निदानं सुरू झाली होती. बाबांचं म्हणणं, सीडी खराब. काकू म्हणाल्या, "माशांना काय होत नाय नं पोरगी आली का जातंय. पोरीला नजर लागली रं, दुसरा काय नाय." त्यांनी मीठ-मोहरी आणून मॉनिटरवरून ओवाळली. मोहरीचे चार दाणे कीबोर्डात गेले आणि एक बटण कायमचं बसलं.  आई मात्र त्या रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "राहू दे रे. माझ्या नशिबात तिला बघणं नसेल." 

पुढच्या रविवारी बाबा म्हणाले, "तू मागे बसून काय दिवे लावतोस ते दिसलंच. समोर बस." म्हणून मी प्रथमच आईशेजारी बसलो. केक आला, ताई आली. आणि मग सई आली. लाल फ्रॉक, कपाळाला चिकटलेले ओले केस, डगमगत एक एक पाऊल टाकत ती थेट आमच्याकडे यायला लागली. ताईचंच नाक. मी बघतच राहिलो.

"किती घाम आलाय गं माझ्या बाळाला," आई पुटपुटली. पडद्यावरची नजर न काढता तिने हात लांब केला आणि टेबलफॅनचं बटण दाबलं.

आमचा तो फॅन आजोबांच्या वेळचा. सुरू होताना ट्यूबलाइट डोळा मारायची, एवढी वीज एका घोटात प्यायचा. आणि त्याची पिन कॉम्प्युटरच्याच बोर्डात! तो घरघरला, ट्यूब लुकलुकली, पडदा काळा झाला. पडदा गेल्यावर दर रविवारी तो फिरत असायचा, पण खेळ बुडाल्यावर कुणीतरी वैतागून वारा घेतंय, असंच मी टेबलामागे बसून समजत होतो.

"आई, दर वेळी तू फॅन लावतेस?"

"लावते. पोर घामाघूम झालेली दिसत नाही तुला?"

"अगं, इथला वारा मस्कतला कसा पोचेल?"

"ते कळतं मला," आई म्हणाली. "तिला कधी न्हाऊमाखू घातलं नाही, मांडीवर घेतलं नाही. समोर घामेजलेली दिसली, हात गेला. एवढंही करू नको?"

बाबा चष्मा पुसायला लागले.  मी उठलो, स्वयंपाकघरातल्या बोर्डावरून वेगळी वायर ओढली, फॅन तिच्यावर जोडला आणि आधी तो सुरू करून मग सीडी लावली.

सई चालली, पडली, उठली, अगदी जवळ येऊन हसली. काहीतरी बोललीसुद्धा, पण फॅनच्या घरघरीत कुणाला ऐकू आलं नाही. आई डोळे पुसत होती आणि पुसता पुसता बघत होती. मे महिन्याची दुपार, सगळी खोली घामाने निथळत होती. काकू पदराने वारा घेत म्हणाल्या, "अरं, जरा आमच्यावर पन फिरव की त्याला."

फॅन आपला आपण फिरायला बघत होताच. मी, इलेक्ट्रिकल सुपरवायझर, सीडी संपेपर्यंत त्याची मान दोन्ही हातांनी सईकडे धरून उभा होतो.