दातांत धरलेला दोरा

बेंगळूरच्या गांधी बझारच्या मागच्या गल्लीत कृष्णाजी टेलर्स आहे. पाटीवर नाव कृष्णाजीचं, गल्ल्यावर बसतो तोही कृष्णाजी, आणि गळ्यातली टेपही त्याचीच. शिवतो मात्र सयाजी, त्याचा धाकटा भाऊ. कृष्णाजीला आयुष्यात कधी सरळ कात्री चालवता आली नाही हे अर्ध्या बसवनगुडीला ठाऊक आहे. पण गळ्यात टेप असली की माणूस मास्तर दिसतो, आणि आपलं जग दिसण्यावरच चालतं.

सयाजी आता साठी ओलांडून गेला. लग्न झालं नाही. दोन बहिणी त्याच्या मशीनवर उजवल्या, पुतण्या इंजिनिअर होऊन सर्जापूर रोडला फ्लॅटमध्ये राहायला गेला तोही त्याच मशीनवर. लोक म्हणतात, सयाजीअण्णा म्हणजे देवमाणूस. फुकटात राबणाऱ्याला देवमाणूस म्हणून टाकायची आपल्याकडे चालच आहे. नैवेद्य दाखवायचीही गरज पडत नाही.

या घरात एक रीत होती. अंगात घातलेला कपडा शिवायचा नसतो, पण घाईच्या गिऱ्हाइकाचं बटण तसंच लावून द्यायची वेळ आलीच, तर त्याला दातांत एक दोरा धरायला लावायचे. टाके पुरे होईपर्यंत अवाक्षर बोलायचं नाही. बोललं तर कपड्याबरोबर माणसाची अक्कलही शिवली जाते म्हणे. याबाबतीत कृष्णाजी भारी कडक. शिवणकामातलं त्याला येत होतं ते एवढंच.

दुसरी एक रीत होती, ती कुणी सांगितली नव्हती, आपोआप पडली होती. घरचे कुठंही निघाले, देवाला, लग्नाला, सहलीला, की बॅगांजवळ सयाजी थांबणार. "काका, स्वल्प बघता ना?" म्हणून पुतण्याची बायको रूपश्री उत्तराची वाट न बघता पुढं जायची. धर्मस्थळ म्हटलं की सयाजीला देवाच्या आधी चपलांचा ढीग आठवतो. शेवटी त्यानं जाणंच सोडलं. दुकान कोण बघणार, असं म्हटलं की कुणी आग्रहही करत नसे.

म्हणून या फेब्रुवारीत समाजाच्या ग्रुपवर सहलीचा मेसेज आला आणि सयाजी म्हणाला, "मी पण येतो," तेव्हा कृष्णाजीच्या बायकोच्या, भागीरथीवैनींच्या हातातला डाव तसाच राहिला.

"तुम्ही? कावेरीचा त्रिभुज प्रदेश बघायला?"

"बघावं म्हटलं की एकदा. पाणी तिचंच पितो नव्हं आपण."

कारण पाण्याचं नव्हतं. मेसेजच्या शेवटी गाईडचं नाव होतं: त्रिविक्रम राव, कुंभकोणम, राव टेलर्सवाले. कृष्णाजीनं ते वाचलं असेल तरी त्याला काही वाटलं नाही. सयाजीनं मात्र फोन पालथा घालून ठेवला आणि ती सगळी दुपार एकाच बाहीवर काढली.

पंचविशीत असताना राव टेलर्समध्ये तो मुलगी बघायला गेला होता. तंजावरकडचे मराठी शिंपी, आपल्यातलेच. भाषेला तमिळ हेल, पण सुई तीच. मुलीचं नाव वीणा, दाराआड घुटमळणारा तिचा धाकटा भाऊ त्रिविक्रम. तिनं मान खाली घातली नाही. पोह्यांची बशी पुढं ठेवून सरळ विचारलं, "काजं हातानं करता की मशीनवर?"

"हातानं."

तिनं मान हलवली. जन्मात दोघांचं बोलणं झालं ते एवढंच, पण सयाजीला ते पुरलं. या लोकांत पसंती झाली की नवऱ्या मुलानं नवरीचं लग्नातलं पोलकं स्वतः शिवायचं असतं. त्यासाठी मापाला म्हणून तिचं एक निळं पोलकं वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या हाती दिलं गेलं. महिन्याभरानं तारीख ठरवायला कृष्णाजी एकटाच गेला आणि परत येऊन म्हणाला, "नाही म्हणाले. मुलीच्याच मनात नाही."

सयाजीनं का म्हणून विचारलं नाही. विचारायची लाज वाटली. तिला आपल्यात काय कमी दिसलं ते तो आपला आपणच शोधत बसला, आरशात, कामात, बोलण्यात, आणि शोधणाऱ्याला कमीपणा सापडतोच. दुसरी मुलगी त्यानं बघितली नाही. कुणी दाखवलीही नाही. पोलकं ट्रंकेच्या तळाशी राहिलं. मापाला आलेला कपडा गिऱ्हाइकाचा असतो, तो ठेवून घेणं म्हणजे चोरी, हे त्याला इतकी वर्षं खुपत होतं. आता तो परत करायचा होता, आणि जमलं तर एकदा विचारायचं होतं, मी काय वाईट होतो म्हणून.

रात्रीच्या गाडीनं मंडळी तंजावरला उतरली आणि छोट्या बसमध्ये बसली. त्रिविक्रम राव पन्नाशीच्या आसपासचा, हातात माईक, कपाळावर गंध. त्याचं मराठी ऐकून बेंगळूरची मंडळी हसली. यांच्या स्वतःच्या मराठीत निम्मं कन्नड, पण दुसऱ्याचं हसू येतंच. तोही हसला, त्याला सवय असावी. सयाजी शेवटच्या सीटवरून त्याच्या चेहऱ्यात कुणाचा तरी चेहरा शोधत होता.

कल्लणैला, कावेरीवरच्या जुन्या धरणाला, सगळे बांधावर चढले. सयाजी खाली, बॅगांजवळ. माईकवरचं तुटक तुटक ऐकू येत होतं. पुराचं पाणी इथून कोळ्ळिडम नदीत सोडतात, शेतीचं कावेरीत, थोडं वेण्णारमध्ये, थोडं कालव्यात. इथून पुढं ही वाटली जाते. प्रत्येकाला थोडी थोडी देत जाते, म्हणून सगळा मुलूख पिकतो. समुद्राला मिळेपर्यंत तिची स्वतःची अशी फार उरत नाही.

"आमच्या बेंगळूरला पाजून उरली ती ही," कृष्णाजी वरून मोठ्यानं म्हणाला. हशा पिकला. त्रिविक्रम हशा संपेपर्यंत थांबला आणि मग पुढचं सांगू लागला.

मग दिवसभर पूलच पूल. कापणी झालेली शेतं, नारळ, पुन्हा एक पूल, आणि प्रत्येक पुलावर त्रिविक्रम एका नव्या नदीचं नाव सांगायचा. पाणी तेच, नाव नवं. कुंभकोणमला केळीच्या पानावर जेवण झालं. राव टेलर्सच्या जागी मोबाईलचं दुकान आलेलं सयाजीला बसमधून दिसलं. पिशवीतल्या पुडक्यावर हात ठेवून तो संधी बघत होता, पण गाईडला कुणी ना कुणी चिकटलेलंच. कुणाला फिल्टर कॉफी हवी, कुणाला पितळी समई, रूपश्रीला स्वच्छ बाथरूम.

संधी मिळाली ती अगदी टोकाला, पूम्पुहारला. नदी समुद्राला मिळते ती जागा बघायला माणसं एवढ्या लांबून आली, आणि समोर वाळूतून सरकणारी एक रोडकी धार होती. रूपश्री म्हणाली, "हीच का ती? फोटोत पण येत नाही." मग सगळे लाटांत पाय बुडवायला गेले, आणि बसच्या सावलीत बॅगा आणि सयाजी उरले. थोड्या वेळानं त्रिविक्रम पाणी प्यायला परत आला.

"तुम्ही नाही जात?"

"बॅगा आहेत की." मग सयाजीनं पुडकं काढून त्याच्या हातात दिलं. "हे तुमच्या अक्काचं. वीणाचं. मापाला दिलं होतं, परत करायचं राहिलं."

त्रिविक्रमनं कागद उलगडला. निळा रंग उडून राखाडी झाला होता. तो पोलक्याकडं आणि मग सयाजीकडं बघत राहिला.

"बेंगळूरचे ते... तुम्ही? तुम्ही अजून..." पुढचा शब्द त्यानं गिळला. "आणि तुमच्या फिट्स?"

सयाजीला काही कळलं नाही. त्रिविक्रमच पुढं बोलू लागला. "मी लहान होतो, पण दाराआडून ऐकलंय सगळं. तुमचे अण्णा आले, बाबांपुढं हात जोडले. म्हणाले, मुलाला फेफरं येतं, आम्ही लपवलं होतं, पण तुमच्या पोरीचं वाटोळं करून मला झोप लागायची नाही. बाबा रडले हो. दुसरा असता तर लग्न उरकून मोकळा झाला असता. मरेपर्यंत सांगायचे, खरा माणूस बघायचा तर बेंगळूरच्या कृष्णाजीला बघा."

"आणि ती?"

"अक्का तरीही हो म्हणत होती. येऊ दे फिट, मी धरीन, म्हणाली. बाबांनी ऐकलं नाही."

सयाजीला आयुष्यात कधी फिट आली नव्हती. अंगात ताप असतानाही तो मशीनवर बसला होता. समोर लाटांत पाय बुडवून उभ्या कृष्णाजीकडं तो बघत राहिला. भावानं का केलं हे विचारायला कुणाकडं जायची गरज नव्हती. दोन बहिणी उजवायच्या होत्या. सयाजीची बायको आली असती, आज ना उद्या चूल वेगळी झाली असती, मग दुकान वेगळं, आणि कृष्णाजीजवळ नुसती टेप उरली असती. एवढासा हिशेब. त्यासाठी कृष्णाजीनं धाकट्या भावाला आजारी पाडलं आणि वर सत्यवचनी म्हणून नाव कमावलं.

"अक्का आता मायावरमला असते," त्रिविक्रम सांगत होता. "नवरा बरा मिळाला, दोन मुलं, नातवंडं. तरी बेंगळूरचं कुणी भेटलं की विचारते, तो टेलर आहे का हो अजून. तुमची गाडी मायावरमहूनच आहे. स्टेशनच्या मागं घर. गाडीला वेळ आहे, याल?"

याल का! ज्या प्रश्नापायी जन्म गेला त्याचं उत्तर स्टेशनच्या मागं बसलं होतं. पण समोर गेलं की ती बघणार, हा धडधाकट आहे. विचारणार. मग खरं सांगावं लागणार, आणि तिचंही म्हातारपण कडू होणार. सयाजीनं स्वतःला असं समजावलं. खरं बघता त्यात निम्मा भेकडपणाच होता. बॅगांजवळ थांबायची सवय झाली की माणसाला आत जायला सांगितलं तरी पाय उचलत नाही.

"नको," तो म्हणाला. "हे तेवढं द्या. आणि सांगा, फिट्स बऱ्या झाल्या म्हणून. केव्हाच बऱ्या झाल्या."

मायावरमच्या फलाटावर, मंडळी चहा पीत असताना, त्रिविक्रम सगळ्यांसमोर कृष्णाजीच्या पाया पडला. "बाबांनी जन्मभर तुमचं नाव घेतलं," म्हणाला. कृष्णाजीला आवडलंच. कुणाचे बाबा, कशाला नाव घेत होते, असल्या चौकशा न करता त्यानं तोंड भरून आशीर्वाद दिला, आणि त्रिविक्रमला उठवायला वाकताना स्वतःच्याच शर्टाचं पोटावरचं बटण तुटून फलाटावर घरंगळलं. त्रिविक्रमनं ते उचलून दिलं, हात जोडले आणि गेला. स्टेशनच्या मागच्या बाजूला गेला. सयाजी तो दिसेनासा होईपर्यंत बघत होता.

"कोण रे हा? भला माणूस दिसतो."

"वीणाचा भाऊ."

"कुठली वीणा?"

"कुंभकोणमची. मला बघितलेली."

कृष्णाजीनं कपाळाला आठ्या घातल्या. "ती होय! त्यांनीच नाही म्हटलं होतं नव्हं? असू दे, नशिबाच्या गोष्टी. हे बटण तेवढं लाव बघू, वारं लागतंय पोटाला."

सयाजीच्या खिशात सुई-दोरा नेहमी असायचा. त्यानं रिळावरून दोऱ्याचा एक तुकडा तोडून भावासमोर धरला. कृष्णाजीनं तो मुकाट्यानं दातांत घेतला. रीत त्याचीच होती. कृष्णाजी बाकावर टेकला, सयाजी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला. कच्चेच टाके घालायचे, त्यानं ठरवलं. दोनच, सैल, गाठ न मारता. उद्या सकाळी बेंगळूरात मॅजेस्टिक स्टेशनला उतरताना चारचौघांत पोट उघडं पडू दे. जन्मभराच्या बदल्यात एवढंच त्याच्या हातात होतं.

सुई आत गेली. बटणावरची नजर न काढता, हळू आवाजात त्यानं विचारलं, "मला फिट कधी आली होती, अण्णा?"

समोरचं पोट एकदम आत ओढलं गेलं. सयाजीनं वर बघितलं. कृष्णाजीला सगळं आठवत होतं. डोळे मोठे झाले होते, गालांवरून घाम निघाला होता. दोरा थुंकून तो बोलू शकला असता. चूक झाली म्हणू शकला असता, तुझ्या बहिणींसाठी केलं म्हणू शकला असता, काही नाही तर ओरडू शकला असता. त्यानं दोरा आणखी घट्ट चावला.

"ती म्हणाली होती, येऊ दे फिट, मी धरीन," सयाजी म्हणाला.

मग तो पुढचे टाके घालू लागला. काम संपलं तेव्हा त्यानं बघितलं तर बटणाखाली दोऱ्याची मान नीट गुंडाळलेली होती, आणि मागं दुहेरी गाठ बसली होती. हातानं त्याचं ऐकलं नव्हतं. हे बटण आता शर्ट फाटला तरी निघायचं नव्हतं.

त्यानं उरलेला दोरा दातानं तोडला आणि सुई खिशात ठेवली. कृष्णाजीनं तोंडातला तुकडा काढून रुळांवर टाकला, शर्ट खाली ओढला आणि गाडी येणार त्या दिशेला बघू लागला.

"बॅगा मोजल्यास का?" तो म्हणाला.

सयाजी उठला आणि बॅगा मोजू लागला.