नवसी आणि मुशीचं तेल

नवसी बदलापूरच्या डोंगराकडच्या एका पाड्यावर राहायची. पावसात टाकळा, एरवी शेवग्याचा पाला खुडून ती उल्हासनगरच्या कँपात विकायला न्यायची. त्रेपन्न साली तिचा नवरा देऊ साठीला टेकला, आणि दिवस कलला की त्याला घराचा उंबरा दिसेनासा झाला.

कँपात धर्मराजचं औषधांचं दुकान होतं. म्हातारपणी नजर टिकवायची तर मुशीचं, म्हणजे शार्क माशाच्या काळजाचं तेल घ्या, असं तो सगळ्यांना सांगायचा. त्याचं सांगणं खोटं नव्हतं, बाटलीतलं तेल खोटं होतं. नवसीने पावसाळाभर त्याच्याकडून बाटल्या नेल्या. त्यापायी पाटीतली शेवटची काडीसुद्धा ती विकून टाकायची. घरात भात आणि मीठ. दिवाळीपर्यंत देऊच्या उजव्या बुबुळाला जखम झाली आणि डोळा पांढराफटक पडला.

अंबरनाथच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाटली हुंगली. हे हळद घातलेलं तिळाचं तेल आहे, मुशीचा याला वाससुद्धा नाही, असं ते म्हणाले. देऊच्या अंगात ‘अ’ जीवनसत्त्व उरलंच नव्हतं. त्यांनी त्याला लगेच औषध पाजलं. डावा डोळा वाचवायचा तर पुढे खरं तेल हवं, आणि रोज पालेभाजी, तीही चमचाभर तेलात परतून. कुठली भाजी, म्हणून तिने विचारलं. डॉक्टरांनी तिच्याच पाटीकडे बोट केलं.

नवसी रडली नाही. त्या आठवड्यात ती देऊला घेऊन धर्मराजच्या दुकानासमोर जाऊन बसली. देऊचा पांढरा डोळा गिऱ्हाइकांना दिसेल असं तिने त्याला बसवलं. कोणी बाटली घेतली की ती आवाज न चढवता सांगायची, हा डोळा त्याच तेलाने गेला. धर्मराजने हवालदार बोलावला. हवालदाराने तिचं सगळं ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या आईसाठी नेलेली बाटली दुकानात परत आणून ठेवली.

पौषात धर्मराज स्वतः बाहेर आला. त्याच्या हातात अस्सल तेलाची बाटली होती.

“मावशी, ही घे आणि आता ऊठ.”

तिने ती डॉक्टरांना दाखवली. खरी निघाली. देऊला ती रोज चमचाभर पाजू लागली, पाटीतला पाला आधी त्याच्या ताटात वाढू लागली. आणि दुकानासमोर बसतच राहिली.

“आता काय राहिलं?” धर्मराजने विचारलं.

“डोळा,” ती म्हणाली. “तो दे, उठते.”

होळीपर्यंत देऊला डाव्या डोळ्याने तिन्हीसांजेची वाट दिसू लागली. आता पुरे, गरिबाने किती वैर धरावं, असं तो म्हणाला. नवसीने न ऐकल्यासारखं केलं.

चैत्रात धर्मराजचं दुकान बंद झालं. त्याने वांगणी स्टेशनाबाहेर बाटल्या मांडल्या. तिसऱ्या आठवड्यात नवसी तिथे पाटी घेऊन हजर, शेजारी देऊ. धर्मराजने दोघांना पाहिलं, बाटल्या ट्रंकेत भरल्या आणि निघून गेला. त्या भागात तो परत दिसला नाही.

परतताना देऊने विचारलं, “निवलं का तुझं मन?”

“नाय,” नवसी म्हणाली. “पण बरं वाटलं.”